कमानीबाहेरची भट्टी

लिहून ठेवणार मी, वय एकाहत्तर, धंदा बेअरिंगचा कारखाना. डोकं ठिकाणावर आहे असं माझे डॉक्टर म्हणतात. पत्नीचं मत वेगळं आहे, पण तिने ते लेखी दिलेलं नाही. कोणी दडपण आणलेलं नाही, कोणी गोड बोलून सही घेतलेली नाही. याआधी मृत्युपत्र लिहिता आलं नाही, कारण राहतं घर सरकारकडे तारण होतं, आणि जे आपलं नाही ते वाटणार कसं? गेल्या महिन्यात घर मोकळं झालं. तेव्हापासून मला दुपारीसुद्धा झोप लागते.

१. राहतं घर माझ्या पत्नीला, आणि तिच्या पश्चात आमच्या मुलीला. बेअरिंग देशातच बनावीत म्हणून सरकारने आम्हाला जमीन दिली, विजेत सवलत दिली, भट्टीसाठी अनुदान दिलं. अट एकच: ठरल्या मुदतीत उत्पादन सुरू करायचं, नाहीतर सगळं परत आणि सही करणाऱ्याचं घर जप्त. सही माझी होती. अट वाजवी होती, हे मी आजही म्हणतो. लोकांच्या पैशावर उभं राहायचं तर लोकांनी विचारल्यावर तोंड लपवू नये. त्या काळात पत्नीने भिंतींना रंग देऊ दिला नाही. "दुसऱ्याच्या घराला कशाला रंग?" म्हणायची. आता तिने हवा तो रंग लावावा. निळा नको, पण माझं ऐकलंच पाहिजे असं नाही.

२. धाकट्या भावाला, ज्याला कारखान्यात सगळे पाठीमागे 'फीतवाला' म्हणतात, तिन्ही कोनशिला. उभारणी त्याच्याकडे होती. त्याने शेडच्या आधी प्रवेशद्वाराची कमान बांधली. फीत कापायला पाहुणे येणार तर दार तरी हवं, म्हणाला. पाहुणे बदलत गेले तशी पायाभरणी तीनदा झाली आणि प्रत्येक कोनशिला कमानीत बसली. मग शेड झाली, मग पोलाद कडक करायची भट्टी आली आणि ती कमानीपेक्षा उंच निघाली. आडवी करायची नाही, अशी बनवणाऱ्यांची ताकीद. मागे कालवा, दुसरी वाट नाही. कमान पाडायचं नाव काढलं की भाऊ कानांवर हात ठेवायचा. "दादा, वर मोठमोठ्यांची नावं आहेत. अनुदान बंद पडेल!" मलाही ते पटायचं. म्हणून भट्टी ताडपत्रीखाली ठेवली आणि मुदतवाढ मागत राहिलो. मिळतही राहिली, कारण बघायला कोणीच आलं नाही.

या शिला त्याच्या घराच्या ओट्याला छान बसतील. नावं खालच्या बाजूला करावीत. शिवाय माझं मनगटी घड्याळ त्यालाच द्यावं, ते वेळ बरोबर दाखवतं. राग आता उरलेला नाही. एक चिमटा काढायचा राहिला होता, तो काढला.

३. कारखाना मुलीला, जी चाळिशी उलटली तरी घरात छोटीच आहे. तो तिलाच का, याचं कारण लिहितो. शेवटची मुदत संपत आली तेव्हा नव्या अधिकारी बाई आल्या, त्या कचेरीत न बसता थेट गेटवर.

"ताडपत्रीखाली काय आहे?"

"भट्टी, मॅडम."

"मग आत का नाही?"

मी कमानीकडे बोट दाखवलं.

"पाडा की."

"वर नावं आहेत, मॅडम."

बाईंनी तिन्ही शिला सावकाश वाचल्या. "यांच्यापैकी कोणाचं घर तारण आहे?"

मी शेवटी धीर करून विचारलं, "अजून थोडी मुदत मिळेल का?"

"नाही."

छोटी बाजूलाच उभी होती. म्हणाली, "बाबा, मी क्रेनवाल्याला फोन लावतेय. तुम्ही नको म्हणालात तरी लावणार." लावलाच. दुसऱ्या दिवशी कमान खाली आणि भट्टी आत. मुदत संपायच्या आठवड्यात पहिली बेअरिंग तपासणीत पास झाली. मी चक्क रडलो. भट्टीजवळ उभा होतो, म्हणून घाम आहे असं सांगता आलं.

बाईंच्या त्या 'नाही'चा तेव्हा फार राग आला होता. आज वाटतं, ते कोणी आधीच म्हणालं असतं तर पत्नीचे केस एवढे पिकले नसते. छोटीने सरकारी मदत पुन्हा घ्यायला माझी हरकत नाही. मात्र न बोलावता बघायला येणारा अधिकारी असेल तरच घ्यावी. आणि गेटवर कमान बांधू नये.

४. बँकेतली शिल्लक निम्मी पत्नीला, निम्मी त्या कामगारांना, जे भट्टी बाहेर असताना अर्ध्या पगारावर थांबले.

५. ताडपत्री जाळावी. भट्टीत नको, फार धूर होतो.

आता माझ्या मागे कोणाच्या डोक्यावर माझी सही नाही.

ठिकाण: कारखान्याची कचेरी, भट्टीशेजारची खोली
दिनांक: ११ ऑगस्ट

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार १, घरचे डॉक्टर: (सही)

साक्षीदार २, अधिकारी बाई, आता निवृत्त: (सही. तिच्याखाली त्यांच्याच अक्षरात:) "दोनदा वाचलं. त्रुटी नाही. मुदतीआधी आलेला यांचा हा पहिलाच कागद."