हातावरचं मीठ

उरण,
७ जानेवारी २०२६

चि. शोभा हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

फोन केला की आपण भांडतो, म्हणून हे पत्र. विश्वजीत डोकं भादरून, चीवर नेसून विहारात दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिराला बसल्याचं कळलं. त्यात वाईट काही नाही. पण तुझा लेक टिकेल का? इंजिनिअरिंग सोडलं, दोन नोकऱ्या सोडल्या. आमटीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवणारा मुलगा तो, आणि तिथे म्हणे दुपारी बारानंतर जेवणच नाही.

तुझे अवधूतराव मला म्हणाले, हेही अर्ध्यावर टाकलं तर त्याच्याशी बोलणं बंद. ते शब्दाचे पक्के आहेत, म्हणून काळजी वाटते. दोन दिवसांत पळून आला तर आधी माझ्याकडे पाठव.

सोबत आपल्या मिठागराचं मीठ आहे. भांडणासकट लोभ असू दे.

तुझा दादा,
काशिराम

खांदा कॉलनी, पनवेल,
१६ जानेवारी २०२६

ती. दादास,
शोभाचा शि. सा. न. वि. वि.

तू हरलास. हे आधी सांगते, बाकीचं मग.

नवव्या दिवशीचं भोजनदान आमचं होतं. हेही आले, तोंड पाडून का होईना. अकरा वाजता सगळे रांगेत बसले. आधी भंते, मग श्रामणेर, आपला विश्वा शेवटी. कोणी बोलत नाही, कोणी काही मागत नाही. आपण पात्रात वाढायचं, त्यांनी मान खाली घालून जेवायचं.

कोणाला किती मीठ लागतं ठाऊक नाही, म्हणून आमटी मी अळणीच ठेवली आणि तुझ्या मिठाच्या वाट्या रांगेपुढे मांडल्या. एक तर थेट विश्वाच्या पुढ्यात. हातात कशी देणार? मीठ हातावर दिलं की भांडण होतं, हे आईनेच आपल्याला पढवलंय.

वाटीला कोणी बोटही लावलं नाही. विश्वाने शेवटचं शीतसुद्धा संपवलं. नंतर विहारातल्या अनुयाताईंनी सांगितलं, हातात किंवा पात्रात कोणी दिल्याशिवाय ते काही घेत नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग आम्ही जेवायला बसलो. पहिला घास घेऊन हे थांबले, वाटीकडे पाहिलं, ती बाजूला सारली आणि सगळं तसंच अळणी जेवले. हात धुताना एवढंच म्हणाले, “पोरगा टिकला.” दादा, मी तिथेच रडले.

काल शिबिर संपवून तो घरी आला. पानावर बसला आणि त्याने हात पुढे केला. मी वाटी खाली ठेवणार, तोच यांनी चिमूटभर मीठ उचललं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. अजून भांडण झालेलं नाही.

मीठ संपत आलंय. पुढचं स्वतः घेऊन ये, आणि माझ्या हातावरच दे.

तुझ्या मायेची धनी,
शोभा