ओल्या ज्वारीची भाकर

तामलवाडी, मार्गशीर्षातला पहिला रविवार, १९८३

हाताला अजून ज्वारीचा वास येतोय, धुवावासा वाटत नाही. काढणीत पाऊस लागला, ज्वारी ओलसरच कणगीत भरावी लागली. गेल्या साली असल्याच ओल्या राहून बुरशी धरलेल्या दाण्यांनी आमच्या कोंबड्या मेल्या. म्हणून यंदा गावच्या शेतकी सोसायटीतून आणलेली, पावात घालतात ती बुरशी रोखणारी पावडर मी दाण्यांना चोळली. सासूबाई भडकल्या, "औषधाची भाकर म्या खाणार न्हाय!" त्यांनी एक पोतं पावडर न लावता तसंच ठेवलं.

आज महिन्याभराने कणगी आणि पोतं, दोन्ही उघडलं. किती घाबरले होते मी! पोत्यात काळी बुरशी. कणगीतला दाणा मोत्यासारखा, वासही ताज्या ज्वारीचाच. सासूबाई जात्यावर बसल्या. कणगीतलीच ज्वारी दळली, भाकर थापली, पहिला घास स्वतः खाल्ला. मग शेजारणीला हाक मारली, "अगं, ये की! आमच्या सूनबाईची ज्वारी लई गोड हाय."