मार्गशीर्षातलं वाळवण

आई, तुझ्यावर मी रागावले आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आता रागावून काय उपयोग, असं कुणीही म्हणेल. पण गेल्या गुरुवारपासून बोलायला दुसरं कुणी सुचत नाही. मार्गशीर्ष चालू आहे. या महिन्यात निम्मी रत्नागिरी मासे खात नाही, ताज्या मासळीला गिऱ्हाईक कमी, म्हणून आपल्याकडे वाळवण जास्त, हे तुला मी काय सांगायचं! तुझ्यामागे पुळणीवरची, किनाऱ्याच्या वाळूतली आपली जागा वहिनी सांभाळते. दादा गेल्यापासून तिचा संसार त्या सुक्या मासळीवरच उभा आहे. गुरुवारी भर दुपारी पाऊस कोसळला आणि पुळणीवर पसरलेला तिचा सगळा जवळा नासला.

तुझ्या वेळी असं कधी झालं नाही. अजून डोळ्यांसमोर आहे, उन्हं वर आली की तू वहाणा काढून पुळणीवर जातेस, टाच वाळूत रुतवून उभी राहतेस आणि म्हणतेस, "भाजतंय. पसरा आता." मग टोपल्या उपड्या होतात आणि तू खराट्याने जवळा असा पातळ सारखा करतेस की खालची वाळू दिसावी. "दसरा झाला की आभाळ आपला हाय," हे तुझं ठरलेलं वाक्य. देवरूखच्या बाजारात बायका तुझ्या सुकटीची वाट बघत, कारण तिला कधी कुबट वास नसे. एकदा कुठल्याशा कार्यालयातल्या बाई वाडीत आल्या होत्या. चुलीच्या धुराने हवा बिघडते, असं त्यांनी आपल्या बायकांना सांगितलं. त्या तुझ्या डोळ्यांची आणि छातीची काळजी करत होत्या, पण तू ऐकून घेशील तर ना! "बाई, तुमी गाडीतना आलाव. माज्या चुलीपेक्षा तुमची गाडी किती धूर सोडते ता आधी सांगा," म्हणालीस. मी कॉलेजात होते. मला तुझी इतकी लाज वाटली की आठवडाभर तुझ्याशी धड बोलले नाही.

आता तीच मी नववीला भूगोल शिकवते. जागतिक तापमानवाढ, कारणे आणि परिणाम. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळलं, जंगलं तोडली, हवेत साठलेल्या वायूंनी उष्णता अडवून धरली, त्यातली बरीचशी समुद्राने पोटात घेतली. आपला अरबी समुद्र तापला, वादळांना जोर चढला, पाऊस महिने विसरला, आंब्याचा मोहोर काळा पडतो आणि मासळी ठरलेल्या जागी सापडत नाही. मुली हे सगळं वहीत सुबक अक्षरात लिहितात आणि मी बरोबरच्या खुणा करते. बरोबर! काय बरोबर आहे त्यात? ज्यांनी शंभर-दीडशे वर्षं धूर ओकला ते थंड खोल्यांत बसून परिषदा भरवतात, आणि जिने जन्मात विमान जवळून पाहिलं नाही तिचा जवळा कुजतो. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि मी तरी कुठली संन्यासीण? माझ्या खोलीत एसी आहे, शाळा चालत वीस मिनिटांवर असून मी गाडीने जाते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

पण तुझ्यावरचा राग वेगळा आहे. वाळवणाजवळ ताडपत्री न्यायची नाही, हा तुझा दंडक. लहानपणी खेळायला म्हणून मी प्लॅस्टिकचा एक तुकडा पुळणीवर नेला, तर चार बायकांसमोर तू माझ्या थोबाडीत दिलीस. "पावसाला आवतान देतंस काय गो?" तो दंडक वहिनीनेही इतकी वर्षं पाळला. गेल्या बुधवारी मात्र तिच्या फोनवर इशारा आला, समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र, गडगडाटासह पाऊस. तसाच माझ्याही फोनवर आला. ती शहाणी, कुणाला न विचारता बाजारात गेली, नवी निळी ताडपत्री आणली आणि पुळणीच्या कडेला होडीच्या आडोशाला घडी करून ठेवली.

गुरुवारी शाळेआधी मी तिला नैवेद्याचे नारळ द्यायला गेले. ती विहिरीवर होती. आभाळ स्वच्छ, ऊन कडक. वाळवणापासून दहा पावलांवर ती ताडपत्री दिसली आणि माझा गालच तापला, आई. या वयात! मी विचारसुद्धा केला नाही. ती उचलली, गाडीच्या डिकीत टाकली, घंटा व्हायच्या आत शाळा गाठली. तिसऱ्या तासाला परिणाम शिकवत होते तेव्हा पत्र्यावर पहिले थेंब वाजले.

मी पुळणीवर पोचले तेव्हा वहिनी ओल्या वाळूत बसली होती. जवळ्याचा लाल लगदा झाला होता आणि घाण सुटली होती. ती मला म्हणाली, "वन्सं, ताडपत्री मी हयच ठेवलेली. की घरातच रवली? सगळीकडं शोधलंय. माजा डोस्काच चालत नाय आता." मी तिला हाताला धरून उठवलं, घरी नेलं, चहा करून दिला. सांगितलं मात्र काही नाही. काल तिने काजूच्या कारखान्यात नाव घातलं, शेजारणीकडून कळलं. पुळणीवरची जागा सोडणार म्हणते, ज्याला आठवत नाही त्याने हा धंदा करू नये म्हणते. पावसाने तिचं एक वाळवण नेलं, ते तिने पुढच्या आठवड्यात पुन्हा घातलं असतं. तिचा स्वतःवरचा भरवसा मी नेला.

पानभर तुला बोलून घेतलं. धूर करणाऱ्यांना बोलले, समुद्राला बोलले. सोपं आहे ते, तुमच्यापैकी कुणी उलट विचारणार नाही. वहिनी दोन घरं सोडून राहते, या वेळी ती घरीच असते, आणि चार दिवस झाले, मी त्या बाजूने जायचंच टाळते आहे.