वाळूतला वाटा

मेलबर्न

प्रिय स्ट्रातिसदादा,

तुझ्या पाठच्या कलिरोईचा नमस्कार. इथे सगळे बरे आहेत. अक्षर वाकडं दिसलं तर काळजी करू नकोस, थंडीत हात जरा कापतो, इतकंच.

डोंगरावरच्या घराच्या पायऱ्या वहिनीला चढवत नाहीत, म्हणून तू समुद्राकाठी घर शोधतोयस म्हणे. बंदराजवळचं घेऊ नकोस, उन्हाळाभर गाणीबजावणी झोपू देणार नाही. उन्हाळ्यापुरत्या येणाऱ्या परदेशी लोकांच्या वसाहतीतलं तर नकोच. हिवाळ्यात वहिनी पडली, तर हाकेला ओ द्यायला तिथे चिटपाखरू नसेल.

अरे, माझी जागा विसरलास? बाबांनी तुला ऑलिव्हची बाग दिली आणि मुलगी म्हणून मला समुद्राकाठची खारी वाळू. तिथे कांदासुद्धा उगवत नाही म्हणून आई माझ्या लग्नात रडत होती. तू मात्र म्हणालास, "रडतेस काय? हिला मीठ कधी विकत घ्यावं लागणार नाही!" आता त्याच वाळूसाठी दलाल मला इथवर फोन करतात, आणि तू त्यांचेच उंबरठे झिजवतोयस!

तिथेच बांध. सगळं एका मजल्यावर, पायरी एकही नको.

समुद्राकडची खोली मात्र माझी. डॉक्टर सध्या विमानात बसू नका म्हणतात. म्हणू देत. मी येईपर्यंत वहिनीने तिथे कांदे साठवायचे नाहीत, रोज सकाळी खिडकी तेवढी उघडायची. खोली कुणाची, असं कुणी विचारलं तर सांग, माझी बहीण जरा बाहेर गेलीय.

तुझीच,
कलिरोई