गाईची भाकर

सोमवार, ९ डिसें.
गाईची भाकर आज बी गेली. ही तिसरी खेप. पहिली भाकर गाईची, ही रीत सासूपासून चालून राहिली, अन् माझ्याच घरात चोर. सुनेला इचारलं तर म्हणे, मला काय ठाव. तिला कधी काय ठाव असतंय.

मंगळवार, १०
चोर सापडला. नात, सोनी. तिसरीत हाय. दप्तरात भाकर.
वारंगा फाट्यावर माझ्या लेकाचं, गजाननचं, पंक्चरचं दुकान. त्याच्या ओट्यावर एक बाई अन् तिची पोरगी रेखा झोपतेत. कापूस वेचायला आलत्या, मुकादम सोडून पळाला. सोनी शाळेला जाताना भाकर तिला देती.
म्हनलं, गाईचा घास काहून नेला?
म्हणे, आपली गाय जाडी हाय की.
चापट दिली. रडली न्हाई.

गुरुवार, १२
मार्गशीर्षातला गुरुवार. माझा उपास. सोनी बी जेवली न्हाई.
म्हणे, आजी, तुजा उपास सांजच्याला सुटल. रेखाचा कधी?
म्हनलं, तिनं धरलाच न्हाई तर सुटल कसा.
एवढंच सुचलं. पोरगी बघतच राहिली.
रात्री पुरणाच्या ताटाला हात लावला न्हाई तिनं. माझं डोस्कं फिरलं. गजानन जेवून राहिला होता, त्याला बोलले, तुज्या ओट्यावरच्या लोकाईपायी माझं लेकरू उपाशी.
त्यानं हात धुतला, उठला.

शनिवार, १४
गजाननानं काल ओट्यावर गाडीचं जळकं ऑइल वतलं. आता तिथं कुत्रं बी बसत न्हाई. मायलेकी गेल्या. चहावाला म्हणे, वसमतकडं गेल्या असतील. पायी का काय, त्याला ठाव न्हाई.
सोनीनं ओटा पाहिला. घरी येऊन इचारलं, ते सांडलं का पप्पानं वतलं?
सून म्हणे, सांडलं.
मंग माझ्याकडं पाहिलं पोरीनं. मी भाकर थापत होते. थापतच राहिले.

सोमवार, १६
आज पहिली भाकर मीच फडक्यात बांधली. सोनीला म्हनलं, ने.
सांजच्याला दप्तरात तशीच. वाळून कडक. म्हणे, आजी, पार एस्टीच्या शेडमागं बी पाहिलं.
गाईला टाकली. गाईनं खाल्ली. तिला काय.
गजानन म्हणे, लेकरू हाय, इसरल. मी मनात म्हनलं, इसरल बी. आपण नाही का इसरलो.
पोरगी बापाशी बोलून नाही राहिली. आज मला पुन्हा तेच इचारलं, सांडलं का वतलं.

गजानन, ही वही वाच. तुज्याजवळ चाडी मी केली, ते मी तिला सांगीन. ऑइलचं तू सांगायचं. उद्या, जेवायला बसायच्या आधी. सुनेनं मधी बोलायचं न्हाई.