पाटीला रबर कमी पडलं

४ मार्च २००६, शनिवार
परदेशात स्वतःचं घर! बेडोकच्या फ्लॅटची किल्ली मिळाली. निम्मा हप्ता नीलिमाच्या पगारातून जाणार. सेम्बावांगच्या भाड्याच्या घराच्या पाटीवर इतकी वर्षं माझं एकट्याचंच नाव होतं, याची तिने आज आठवण करून दिली. शब्द दिला, नव्या पाटीवर तुझंही येणार. दुकानातून करून आण म्हणाली. छे. प्लास्टिकची पाटी दातांच्या डॉक्टरकडेही असते. मी स्वतः करणार. लाकडात, सँडब्लास्ट करून. बँकेत आहे म्हणून हातात कला नाही असं थोडंच आहे?

११ मार्च
तंत्र समजलं. सोपं आहे. लाकडावर जाड रबर चिकटवायचं, अक्षरांपुरतं ठेवून बाकीचं कापून काढायचं, वर वाळूचा जोरदार फवारा. उघडं लाकूड झिजतं, रबराखालची अक्षरं उठून राहतात. कॉलेजमधला प्रताप सेम्बावांगला जहाजांचे भाग घासणाऱ्या वर्कशॉपमध्ये असतो. तो फवारा मारून देणार. रबराचा एकच तुकडा दिला, वर म्हणे जपून वापर. हा मला शिकवणार.

१२ मार्च
नुसतं 'श्रीनिवास रेगे' फार उघडंबोडकं दिसतं. खाली एम.कॉम. घातलं. मग 'एलएल.बी. (पहिलं वर्ष)' का नको? शिकलोय ना.

१८ मार्च, दुपार
रबर संपलं. नीलिमाचं नाव राहिलंय. घाबरण्यासारखं काही नाही. पार्सलची चिकटपट्टी तीनपदरी लावून त्यात तिचं नाव कापलं. आमची अनुया आठ वर्षांची, तिने इथल्या शाळेतल्या इंग्रजीत विचारलं, ममीचं नेम व्हाय सो थिन वन? मुलांना मटेरियलमधलं काय कळतं.

१९ मार्च
प्रताप चिकटपट्टी बघून नको म्हणाला. मी म्हटलं, मार रे, चालतंय. माझं नाव, एम.कॉम., एलएल.बी., सगळं काय उठून दिसतंय. कंससुद्धा. त्याखाली, नीलिमाच्या नावाच्या जागी, नुसता खड्डा. लाकूडच तिथे मऊ निघालं, त्याला मी काय करणार.

२५ मार्च
सासू-सासरे पुण्याहून आले. उद्या वास्तुशांत. कपाटामागे ठेवलेली पाटी नीलिमाला सापडली. बराच वेळ बघत होती. मला वाटलं, कलाकुसर बघतेय. मग पुसून परत कपाटामागे ठेवली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

२६ मार्च
नीलिमाने स्वतः स्टुलावर चढून पाटी दाराला लावली. मन मोठं आहे तिचं, असं मी समजलो. येणारा प्रत्येक जण पाटी वाचून विचारायचा, नीलिमा कुठेय यात? ती हसून सांगायची, मी इथे पेइंग गेस्ट. जेवताना सासरे माझ्याकडे बघेनात. लाज वाटली. खरंच वाटली.

२७ मार्च
ऑफिसातून लवकर निघालो. इमारतीखालच्या दुकानात प्लास्टिकची पाटी करायला टाकली. नीलिमा रेगे, अक्षरं मोठी. दुकानदाराने विचारलं, खाली अजून काही? म्हटलं, जागा उरली तर श्रीनिवास. त्याने पट्टी लावून पाहिली. उरत नाही म्हणाला.