परातीखालचं सानं

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आता मी तुमची परात जपानला आणली. खरी नव्हे, ती कुठे गेली देव जाणे, पण काम तेच. तुम्ही असतात तर आधी हसला असतात, मग विचारलं असतंत, "जेवलीस का?"

झालं असं, की तोयोसुच्या आमच्या ऑफिसात दूरच्या एका वाळवंटात पर्यटकांसाठी राहायच्या खोल्या आखणं चाललंय. एसी नको, सिमेंट कमीत कमी, माती तिथलीच. जाड भिंती, मातीचं सपाट छत, छतात एक भोक, म्हणजे सानं, आणि जमिनीलगत झरोके. म्हणजे आपलं माळवदच की. मीटिंगमध्ये मी ते इंग्रजीत इतकं सजवून सांगितलं, की सगळे माना डोलवत होते. मालकांनी एक अट घातली: आधी इथेच, तोत्तोरीच्या वाळूच्या टेकड्यांजवळ, नमुन्याची एक खोली बांधा. मे महिन्यातल्या दहा दिवसांत ती सलग तीन दुपारी गार राहिली तर ठीक, नाहीतर पत्र्याचे कंटेनर आणि प्रत्येकाला एसी. दोन वर्षांचं माझं काम त्या एका खोलीत अडकलं होतं.

आणि खोली तापायला लागली, अण्णा. सहा दिवस रोज दुपारी भट्टी. संगणकावर गार, प्रत्यक्षात भाजून काढणारी. मी भिंतीची जाडी तपासली, माती तपासली, ग्योतोकुच्या घरून फोनवर लेक "दाइजोबू?", ठीक आहेस ना, म्हणून विचारायची आणि मी तिच्यावर चिडायची. सातव्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिले. पाच वाजले आणि तिथले मुकादम, सत्तरीचे आजोबा, डोक्याला टॉवेल बांधलेले, खोली झाडून घेऊ लागले. इथे काम संपवणं म्हणजे जागा लख्ख करून, सगळं मिटवून जाणं. त्यांनी झरोके लावले, शिडीवर चढून छताच्या भोकावर झाकण नीट बसवलं आणि खोलीला वाकून नमस्कार केला. सकाळी आठला येऊन सगळं उघडायचं, की खोलीत हवा खेळेल.

मी तिथे वाळूत बसल्या बसल्या हसत सुटले. सहा दिवस ती खोली रात्रभर कोंडलेली आणि दिवसभर उन्हाला सताड उघडी. चूक त्यांची नव्हतीच. नकाशात मी भोक दाखवलं होतं, ते कधी उघडायचं ते लिहिलंच नव्हतं. तुमच्या घरात वाढलेल्या माणसाला हे लिहावं लागतं असं सुचणार तरी कसं?

तुम्हाला तो दिवस आठवतो? मी सातवीत आहे. भर दुपारी सान्यावरची परात सरकवून खाली पडलेल्या उन्हाच्या चौकोनात गोष्टीचं पुस्तक वाचत बसलेय. तुम्ही कामावरून येता, हातापायांना पांढरी माती, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडता, की रात्रभर जमवलेला गारवा तू तासाभरात उधळलास. गारवा जमवतात, हे मला त्या दिवशी कळलं. दिवस मावळला की परात काढायची, सकाळी न्याहारीआधी घालायची. वर चढायचं काम त्यानंतर माझंच झालं.

छत रात्री उघडं ठेवा आणि दिवसा झाका, हे आजोबांना सांगायला मात्र धीर लागला. त्यांनी डोक्याचा टॉवेल सोडून पुन्हा बांधला. मग म्हणाले, "जागा उघडी टाकून घरी गेलो, तर मला झोप लागणार नाही." मी म्हटलं, माझे वडील दार लावत होते, छत तेवढं उघडं ठेवत होते. वडील काय करायचे, त्यांनी विचारलं. गवंडी, घरं बांधायचे, मी म्हणाले. मग ते स्वतः शिडीवर चढले आणि झाकण काढून भिंतीला टेकवून ठेवलं. पुढचे तीन दिवस सकाळी आठला ते झाकण घालायचे आणि भर दुपारी आम्ही दोघं आत बसून डबा खायचो, इतकं गार. काल मंजुरी आली. आजोबांनी खोलीला नमस्कार केला, मग मला.

घरी लेकीला खोलीचा व्हिडिओ दाखवला, तुमच्या परातीची गोष्ट सांगितली. "म्हणजे तुझे बाबा आर्किटेक्ट होते?" तिने जपानीत विचारलं. गवंडी हा शब्द तिला माहीत नव्हता. मी हातांनी मातीचा गोळा करून, थापून दाखवला. "सुगोइ," म्हणजे भारीच, ती म्हणाली, आणि मला इतका आनंद झाला की मी तिला गवंडी हा शब्द दहादा म्हणायला लावला. आज अहवालात पद्धत कुणाकडून घेतली असा रकाना आला. तिथे लिहिलं: माझे वडील, गवंडी.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? वहीतच राहील. म्हणून एवढं सांगून टाकते. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय म्हणून मी कॉन्ट्रॅक्टर लिहिलं होतं. तुम्ही चष्मा लावून, एकेका शब्दाखाली बोट फिरवत तो वाचलात. त्या शब्दापाशी बोट थांबलं. मी पाहत होते. मग तुम्ही सही केलीत आणि विचारलंत, जेवलीस का.